विमानाच्या ब्रॅकेटला पावडर कोटिंग चालेल का?

भोसरीचा_रंगारी (सोमवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

भोसरीला आमचं छोटं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं. मुख्य काम पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून ओव्हनमध्ये भाजायची: पॅनल बॉक्स, पंख्यांच्या जाळ्या, जिमची यंत्रं. पाच वर्षांपूर्वी सल्फ्युरिक अ‍ॅनोडायझिंगची छोटी लाइनही टाकली, म्हणजे आम्लाच्या टाकीत वीज सोडून अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवायचा. मागच्या आठवड्यात चाकणचे एक मशीनिंगवाले येऊन गेले. त्यांना विमानाच्या आतल्या अ‍ॅल्युमिनियम ब्रॅकेटचं काम मिळतंय. फिनिशिंगला माल बंगळुरूला पाठवतात, जाऊन यायला पंधरा दिवस. म्हणाले, "तुम्हीच का करत नाही?"

ड्रॉइंगवर लिहिलंय: धातू ७०७५-टी६, काही ब्रॅकेट २०२४-टी३ (दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू). फिनिश मिल-ए-८६२५ टाइप १, त्यावर मिल-पीआरएफ-२३३७७ प्रायमर (दोन्ही अमेरिकी लष्करी मानकं). शोधलं तर टाइप १ म्हणजे क्रोमिक अ‍ॅसिडचं अ‍ॅनोडायझिंग आणि वर इपॉक्सीचा ओला प्रायमर, तोही जेमतेम २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग!

माझा ओव्हन नवा आहे, २०० अंशाला पाच अंशही इकडेतिकडे होत नाही. ८० मायक्रॉन पावडर मारली की स्क्रूड्रायव्हरनेही निघत नाही. मग विमानवाले अजून ओल्या रंगात का अडकलेत? सल्फ्युरिक अ‍ॅनोडायझिंग करून वर पावडर असा प्रस्ताव पार्टीला द्यावा असं डोक्यात आहे. जाणकारांनी मत द्यावं.

---

पतंग्या (सोमवार, रात्री ११:१५)

पहिला! विषय भारी आहे. खुर्ची टाकून बसलोय.

एक बालिश शंका: पुष्पक विमानाला कोणता प्रायमर होता? (हलके घ्या.)

---

ओझरकर (मंगळवार, सकाळी ६:०५)

रंगारी, प्रस्ताव पाठवू नका. आधी वाचा.

ड्रॉइंगवर रंगाच्या आधी धातू वाचायचा. ७०७५-टी६ यातला टी६ शोभेला नाही. तो धातू तापवून, पाण्यात थंड करून, मग १२० अंशांच्या आसपास २४ तास मुरवलेला असतो. त्याची सगळी ताकद त्या मुरण्यात आहे. तुमच्या २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तो जाईल तेव्हा जास्त मुरायला लागेल आणि ताकद उतरेल. एकदा उतरली की पूर्ण उष्णोपचार पुन्हा केल्याशिवाय चढत नाही. २०२४-टी३ तर खोलीच्या तापमानालाच मुरवलेला. त्याला १९०-२०० अंश दाखवलेत की तो दुसऱ्याच अवस्थेकडे सरकतो, चिवटपणा बदलतो, गंजण्याची तऱ्हा बदलते.

आणि ब्रॅकेट बाहेर येईल तेव्हा दिसेल एकदम झकास. चमकदार, गुळगुळीत. कोणालाही कळणार नाही की आतला धातू आता ड्रॉइंगवरचा राहिलेला नाही.

तुम्ही ओव्हनला तुमची जमेची बाजू समजताय. या कामात तोच धोका आहे. हवेवर किंवा थोड्या उबेत वाळणारा इपॉक्सी त्यांनी उगाच धरून ठेवलेला नाही.

---

रसायनाचा_मास्तर (मंगळवार, सकाळी ९:३०)

ओझरकर काकांशी सहमत. थोडी रसायनाची बाजू मांडतो.

घरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला गंज का लागत नाही? ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो म्हणून. पण पातेल्याचा धातू जवळपास शुद्ध असतो. २०२४ मध्ये सुमारे ४ टक्के तांबं असतं, ७०७५ मध्ये साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त आणि वर दीडेक टक्का तांबं. ताकद याच भेसळीने येते आणि रोगही यानेच येतो. तांब्याचे सूक्ष्म कण आणि भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम यांच्यात, ओल मिळाली की, जागोजाग छोट्या बॅटऱ्या सुरू होतात. झिजतं अ‍ॅल्युमिनियम. आधी टाचणीएवढे खड्डे, मग धातूच्या स्फटिकांच्या सीमांवरून आत आत, शेवटी पत्रा पापुद्र्यांसारखा सुटतो.

विमानाच्या बाहेरच्या पत्र्यावर कित्येकदा दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची पातळ साय चढवलेली असते, तिला अल्क्लॅड म्हणतात. ती आधी झिजते, आतला वाचतो. तुमचे ब्रॅकेट मात्र ठोकळ्यातून कोरलेले. त्यांना साय कुठली? जे काही संरक्षण आहे ते तुमच्या टाक्यांतून आणि गनमधूनच येणार.

---

गॅरेजवाला_बंड्या (मंगळवार, दुपारी १:२०)

मला हे सगळं जरा फुगवून सांगितल्यासारखं वाटतं. आम्ही गाड्यांना इपॉक्सी प्रायमर आणि टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारतो, तो दहा वर्षं उन्हात टिकतो. विमानाचा वरचा रंगही पॉलियुरेथेनच ना? मग फरक काय, डब्याच्या किमतीचा?

---

ओझरकर (मंगळवार, दुपारी ४:४८)

बंड्या, घराणं एकच, कबूल. पण तुमची गाडी सकाळी ४० अंशांच्या धावपट्टीवरून उठून अर्ध्या तासात उणे ५५ अंशांत जात नाही. विमान दिवसात चार-सहा वेळा हे करतं. शिवाय वर गेल्यावर आतल्या हवेच्या दाबाने फुगतं, खाली आल्यावर बसतं. प्रत्येक रिव्हेटभोवती पत्रा किंचित हलतो. जाड, ठिसूळ थर असेल तर नेमका तिथे तडकतो, तड्यातून पाणी शिरतं. म्हणून जाडी कमी आणि मोजूनमापून. प्रायमर साधारण १५ ते २३ मायक्रॉन, वरचा रंग पन्नासच्या आसपास. जास्त मारला तरी नापास.

दुसरं, प्रवासी विमानांत हायड्रॉलिकचं एक जांभळं तेल असतं, फॉस्फेट एस्टरचं, स्कायड्रॉल म्हणतात. कातडीला लागलं तर आग होते. साध्या रंगावर दोन थेंब पडले तर रंग फुगून साय निघाल्यासारखा निघतो. तुमच्या टू-केवर टाकून बघा एकदा, हातमोजे घालून.

तिसरं वजन. अमेरिकेच्या स्पेस शटलची ती मोठी नारिंगी टाकी आठवते? पहिल्या दोन उड्डाणांत ती पांढरी रंगवलेली होती. तिसऱ्यापासून रंग बंद केला, सुमारे २७२ किलो वाचले.

---

गॅरेजवाला_बंड्या (मंगळवार, सायंकाळी ६:०२)

२७२ किलो नुसता रंग! माझे शब्द मागे घेतो काका.

---

टुलूजची_सांगलीकर (मंगळवार, रात्री ११:५०)

छान धागा. मी मूळची सांगलीची, आता टुलूजला कोटिंगच्याच कामात आहे.

रंगारी दादा, क्रोमिकच का, सल्फ्युरिक का नाही, हा तुमचा खरा प्रश्न. क्रोमिकचा थर पातळ असतो, त्यामुळे वारंवार ताण खाणाऱ्या भागाचं आयुष्य फारसं घटत नाही. जाड, कडक अ‍ॅनोडायझिंगने ते घटतं, कारण त्या काचेसारख्या थरातली चीर धातूत उतरू शकते. आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले असतात त्या फटीत आम्ल अडकून राहिलं तर? सल्फ्युरिक आतून खात बसतं. क्रोमिक अडकलं तरी गंज रोखण्याच्याच बाजूला असतं. ही पद्धत १९२३ मध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी इंग्लंडात काढली, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या ड्युरालुमिनसाठी (तांबं घातलेलं अ‍ॅल्युमिनियम). तिचा आणखी एक फायदा: भागात बारीक चीर असेल तर धुतल्यानंतर तिथून तपकिरी डाग पाझरतो. फुकटात तपासणी.

क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं संयुग, घातलेला प्रायमरही असाच. ओरखडा पडला, पाणी शिरलं, की प्रायमरमधलं थोडं क्रोमेट विरघळतं, उघड्या पडलेल्या धातूपर्यंत जातं आणि तिथे नवा थर धरतं. जखम झाली की आपणच खपली धरणारा रंग. इतकी वर्षं त्याला तोडीस तोड सापडत नव्हतं ते यामुळे.

पण ही झाली एकच बाजू. क्रोमिक अ‍ॅसिड आणि क्रोमेट या दोन्हींतलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, यात शंका उरलेली नाही. युरोपात क्रोमियम ट्रायॉक्साइडची (क्रोमिक अ‍ॅसिड याचंच बनतं) मुदत २१ सप्टेंबर २०१७ ला आणि प्रायमरमधल्या स्ट्रॉन्शियम क्रोमेटची २२ जानेवारी २०१९ ला संपली; त्यानंतर खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. म्हणून एअरबसकडे आता टार्टारिक-सल्फ्युरिक अ‍ॅनोडायझिंग चालतं. टार्टारिक म्हणजे आपल्या चिंचेतलं आम्ल! आजी तांब्याची भांडी चिंचेने घासायची, मी इथे टाकीचे रिपोर्ट बघताना तिची आठवण काढते. बोइंगने बोरिक-सल्फ्युरिक काढलं.

तेव्हा आज नवी क्रोमिकची टाकी घालू नका, असा माझा सल्ला. पार्टीला विचारा की त्यांच्या ग्राहकाला यातला कुठला पर्याय चालतो. ड्रॉइंगवरची ओळ आपण बदलायची नाही, त्यांच्याकडून बदलून घ्यायची.

आणि एक विचारू? तुमच्याकडे गन मारणारी मुलं तोंडाला काय लावतात?

---

भोसरीचा_रंगारी (बुधवार, रात्री ९:१०)

काका, ओव्हनचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. खरंच मी उद्या प्रस्ताव पाठवणार होतो.

ताई, खरं सांगतो. पावडरला साधा मास्क. ओलं काम क्वचित असतं, तेव्हा रुमाल.

---

टुलूजची_सांगलीकर (बुधवार, रात्री ११:२२)

रुमाल म्हणजे काहीच नाही. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा होतो. एकदा अंगाला त्याचं वावडं जडलं की नंतर थोडासा वास आला तरी छाती भरते आणि त्या माणसाला हे काम कायमचं सोडावं लागतं. क्रोमेटच्या फवाऱ्याचं तर बोलूच नका. जुन्या क्रोम प्लेटिंगवाल्यांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलेलं असायचं. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि नीट ओढ असलेला बूथ, याआधी डबासुद्धा उघडायचा नाही. रागावले नाही, पण हे आधी.

---

वास्कोकार (गुरुवार, सकाळी ८:१५)

मी दाबोळीजवळ राहतो. विमानाशी संबंध फक्त आवाजाचा. पण समुद्राजवळ उघड्यावर ठेवलेल्या एका जुन्या विमानाच्या अंगावर रंगाखाली वळवळत गेलेल्या रेघा बघितल्या होत्या, रिव्हेटपासून निघालेल्या. कुणीतरी रेखाटल्यासारख्या. ते काय असतं?

---

रसायनाचा_मास्तर (गुरुवार, सकाळी १०:०५)

लिंबाच्या पानावर नागअळीने कोरलेली नक्षी पाहिलीत? तीच तऱ्हा. याला तंतुरूप गंज म्हणतात. सुरुवात रंगाच्या तुटलेल्या कडेपाशी, बहुतेकदा रिव्हेटच्या डोक्याशी. खारा अंश आणि दमट हवा पुरते, पाणी साचायला लागत नाही. तंतूचं टोक पुढे खात जातं, मागे पांढरी भुकटी ठेवतं, वरचा रंग फुगतो. रंगाखालची तयारी कच्ची असेल तर तो फार झपाट्याने पसरतो.

---

ओझरकर (गुरुवार, सकाळी ११:४०)

मास्तरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. तयारी.

नाव-गाव सांगत नाही, पण एका ठिकाणचा किस्सा. छोटी दारं होती, रंग सुरेख बसला होता. पावसाळ्यानंतर एका दारावर फोड आले. बारकाईने बघितलं तर पाच फोड, अर्धवर्तुळात. आमच्यातल्या एकाने आपला पंजा त्यावर ठेवला, तंतोतंत बसला. धुतल्यावर कोणीतरी उघड्या हाताने दार सरकवलं होतं. घामातलं मीठ रंगाखाली राहिलं, त्याने ओल ओढून घेतली.

तेव्हा रंगारी, ओव्हन विसरा, पाण्याकडे बघा. तुमच्याकडे आज फुकटात होणारी चाचणी सांगतो. तुकडा नेहमीसारखा डिग्रीझ करा, धुवा, शेवटी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यातून काढून उभा धरा. अर्धा मिनिट पाण्याचा पडदा सलग राहिला पाहिजे. कुठे फाटला, थेंब धरले, तर तिथे तेल आहे. तिथे अ‍ॅनोडायझिंगही नीट बसणार नाही आणि रंगही. बारा तुकडे करा. आकडा खरा लिहा.

---

चाकणचा_क्यूए (गुरुवार, दुपारी ३:३०)

मी तपासणीच्या बाजूचा. थोडं रुक्ष लिहितो, पण पुढे कामाला येईल.

हे काम 'विशेष प्रक्रिया' या सदरात मोडतं. म्हणजे तयार भाग बघून तो बरोबर झालाय की नाही हे सांगता येत नाही. बघायचं तर तो भाग फोडावा लागेल. म्हणून ग्राहक भागाबरोबर तुमची वही विकत घेतो. टाकीचं तापमान, आम्लाची मात्रा, किती वाजता घातला, किती वाजता काढला, प्रायमरचा बॅच नंबर, त्या दिवसाची आर्द्रता, कोणी फवारला. नॅडकॅपचा (विमान उद्योगातल्या विशेष प्रक्रियांना मान्यता देणारी संस्था) ऑडिटर येईल तेव्हा तुमची चमक बघणार नाही. तो रूट कार्डवरची (भागाबरोबर फिरणारा कामाचा कागद) एक ओळ काढून म्हणेल, या दिवशी या टाकीची तपासणी कधी झाली होती, दाखवा.

मास्किंग हा वेगळाच डोक्याला ताप आहे. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही. ब्रॅकेटवर अर्थिंगचा बिंदू असेल तर तेवढी जागा झाकायची आणि नंतर तिथे वीज वाहू देणारं रासायनिक कोटिंग द्यायचं, तेच ते सोनेरी-पिवळं, सगळे ज्याला अलोडाइन म्हणतात. त्याचा मिठाच्या फवाऱ्यात १६८ तास कस लागतो. आणि ते ताजं असताना ६० अंशांच्या वर तापवायचं नाही, नाहीतर सुकून तडकतं आणि त्यातलं गंजरोधक निकामी होतं. म्हणजे इथेही ओव्हन नको!

बेअरिंगची भोकंही बघा. अ‍ॅनोडायझिंगचा थर काही आत जातो, काही बाहेर वाढतो. कडक अ‍ॅनोडायझिंगमध्ये साधारण निम्मा-निम्मा. ५० मायक्रॉनचा थर दिला की प्रत्येक भिंत २५ ने पुढे येते, भोकाचा व्यास ५० ने घटतो, आणि बेअरिंग हातोडीने बसवायची वेळ येते. मशीनिंगवाल्याला हे आधी कळवायचं असतं, नंतर भांडायचं नसतं.

---

पतंग्या (गुरुवार, रात्री १०:३०)

मी रिमोटवरची विमानं उडवतो. मध्ये एकाचा रडर स्प्रेच्या डब्याने तीन हात रंगवला, छान दिसत होता, पण वेगात फडफडायला लागलं आणि तुटलं. रंगाने असं होतं का?

---

ओझरकर (शुक्रवार, सकाळी ६:२०)

होऊ शकतं. मोठ्या विमानांतही रडर, एलेरॉन, एलेव्हेटर, म्हणजे विमान वळवणाऱ्या बिजागरीवरच्या फळ्या, पुन्हा रंगवल्या की त्यांचा तोल परत तपासतात. बिजागरीच्या मागच्या बाजूला वजन वाढलं की वेगात फडफड सुरू होण्याची भीती असते. तुझ्या छोट्या विमानाला तीन हात म्हणजे रजईच.

आणि पुष्पकाच्या प्रायमरचं उत्तर वाल्मीकींना विचार.

---

मिहानवासी_नागपूरकर (शुक्रवार, दुपारी १२:५५)

वाचनखूण साठवली. रंग हा विमानात सौंदर्याचा विषय वाटायचा. पण काही वर्षांपूर्वी कतार एअरवेज आणि एअरबसचं रंगावरून कोर्टात गेलेलं वाचलं होतं. ते काय होतं? टुलूजच्या ताई सांगतील?

---

टुलूजची_सांगलीकर (शनिवार, रात्री १२:४०)

जाहीर झालंय तेवढंच सांगते. एअरबसच्या ए३५० विमानाचं अंग कार्बनच्या कंपोझिटचं (कार्बनचे धागे रेझिनमध्ये बसवलेलं). ते अ‍ॅल्युमिनियमसारखं वीज वाहून नेत नाही, म्हणून वीज कोसळली तर ती पसरावी यासाठी रंगाखाली तांब्याची बारीक जाळी बसवतात. आता कंपोझिट, तांबं आणि रंगाचे थर तापमानाबरोबर कमीजास्त प्रमाणात फुगतात-आकसतात. काही विमानांवर रंग तडकला, सुटला, काही ठिकाणी जाळी उघडी पडली. कतारच्या नियामकाने २०२१ मध्ये विमानं जमिनीवर बसवली. एअरबसचं म्हणणं, पृष्ठभागाची झीज आहे, सुरक्षिततेचा प्रश्न नाही. युरोपच्या नियामकानेही धोका मानला नाही. लंडनच्या न्यायालयात दावा गेला आणि १ फेब्रुवारी २०२३ ला तडजोड झाली, अटी गुप्त.

अवांतर: कंपोझिटवर जाड रंगही वाईट. वीज रंगातून बाहेर पसरू शकत नाही, एकाच जागी खोल घुसते. म्हणून पुन्हा रंगवताना जुना रंग काढावा लागतो, आणि तोही धातूवर चालणाऱ्या जहाल रसायनाने नाही, नाहीतर रेझिनच खराब होतं. बराचसा घासून काढतात. हाताने, दिवसेंदिवस.

आणि रंग म्हणजे नुसतं सौंदर्य नाही याचं माझं आवडतं उदाहरण काँकॉर्डचं. ते पांढरं होतं ते उष्णता परतवण्यासाठी. १९९६ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीसाठी एक निळं रंगवलं, तर ध्वनीच्या दुप्पट वेगाने वीस मिनिटांपेक्षा जास्त उडवायचं नाही असं बंधन घालावं लागलं.

---

भोसरीचा_रंगारी (पुढचा मंगळवार, रात्री ९:५५)

अपडेट देतो.

पार्टीला फोन करून खरं सांगितलं की ७०७५ ला माझा ओव्हन चालणार नाही. मला वाटलं काम गेलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आधीच्या एकाने न सांगता केलं होतं आणि आख्खा लॉट भंगारात गेला. टार्टारिक चालेल का ते त्यांच्या ग्राहकाला विचारणार आहेत. तोवर त्यांच्या कारखान्यातल्या ट्रॉल्या आणि भाग ठेवायच्या रॅक रंगवायला देतायत. साधं पोलादी काम, पावडरचं. माझ्या ओव्हनची इज्जत वाचली.

हवा पुरवणाऱ्या दोन मास्कची ऑर्डर दिली, ताई. पोरं म्हणतात अंतराळवीर दिसू. दिसा म्हटलं.

आता पाण्याची चाचणी. काका, बारा तुकडे केले. सात फाटले. सात! मी आजवर समजत होतो की आमचं डिग्रीझिंग भोसरीत एक नंबर. टाकी बदलली, नवं द्रावण भरलं, तरी पुन्हा बारातले सहा फाटले. शेवटी लक्षात आलं की धुतल्यावर मुलगा तुकड्यांच्या खाचेतलं पाणी एअरगनने उडवतो आणि मग शेवटच्या डीएम टाकीत घालतो. कॉम्प्रेसरचा ड्रेन उघडला तर कपभर तेलकट पांढरं पाणी निघालं. म्हणजे धुतलेल्या मालावर आम्हीच तेल फवारत होतो, किती वर्षं कोणास ठाऊक.

एअरगन बंद केली. आज बारातला एक फाटला. तो कुठून आला ते शोधतोय.

---

ओझरकर (बुधवार, सकाळी ५:५०)

हातमोजे कुठले वापरता? सिलिकॉनचा लेप असलेले असतील तर फेकून द्या. नायट्राइलचे, पावडर नसलेले आणा.

त्या एका तुकड्याचा फोटो टाका. पाणी कुठल्या कडेला फाटलं ते दिसलं पाहिजे.

---

भोसरीचा_रंगारी (बुधवार, सकाळी ८:०२)

फोटो टाकतो दुपारी. फाटलंय ते रॅकच्या चिमट्याशी. चिमटे आम्ही कधी धूतच नाही, काका.